यादीत नसलेला खडा

लोणार, १७ एप्रिल

आजचे भाषण जमले. बाजाराचा दिवस. बैलगाडीच्या जुवावर एक पाय देऊन उभा राहिलो तो पाऊण तास. भाजीवाल्या बायांनी पाट्या झाकून ठेवल्या व ऐकत बसल्या.

सकाळपासून एकच टोचणी होती. गुजराथच्या किनाऱ्यावर लोक मूठभर मीठ उचलून तुरुंगात जात आहेत, आणि आम्ही वऱ्हाडातल्यांनी उचलायचे काय? सरकी? शेवटी कोटाच्या खिशातून तळ्यातला खडा काढून वर धरला. म्हणालो, "हे आमचे मीठ! देवाने आम्हाला समुद्र दिला नाही, पण हे खारे तळे दिले आहे." उन्हात असा चमकला की मागची माणसेही टाचा उंचावून पाहू लागली. टाळ्या बराच वेळ.

खडा सखारामने दिला. तळ्यात उतरून सोडा काढणारा माणूस. पन्नाशीचा असेल. गुडघ्याखालची कातडी सोड्याने खाल्लेली. भाषणाआधी त्याला म्हटले, दाखवण्यासारखे काही दे. कमरेच्या फडक्यातून काढून दिला. काचेसारखा आरपार, पाचरीच्या आकाराचा, बोटाच्या पेराएवढा. देता देता तो काही सांगत होता. लोक खोळंबले होते, मी ऐकले नाही.


मेहकर, १९ एप्रिल

सखारामला काल धरले. मीठ खात्याचा इन्स्पेक्टर व दोन शिपाई घरी गेले. फडक्यात अकरा खडे सापडले. आरोप, परवान्याशिवाय मीठ गोळा केले. अकरा खडे! याने एका वरणाची चव तरी सुधारेल काय?

त्याची बायको कोंडाबाई आज लोणारहून चालत इथे आली. पाणी दिले, घेतले नाही. ओट्याखाली उभी राहूनच बोलली.

"मास्तर, तुमी भरल्या बाजारात त्याले मीठ म्हनले. आमच्या घरात कोनी त्याले मीठ म्हनत नाही."

मग तेव्हाच कोणी का सांगितले नाही, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"तुमी बोलून राह्यले होते. तुमच्या बोलन्यात दुसऱ्याले कुठं जागा असते?"

सरकारी शाळेची नोकरी सोडली तेव्हा हेडमास्तरही असे बोलला नव्हता. ती गेल्यावर बराच वेळ रागाने फेऱ्या मारल्या. राग तिचा नव्हे. की तिचाच?

जामीन मागायचा नाही, असे सखारामला निरोपाने कळवले आहे. तत्त्व आहे.


२१ एप्रिल

नाना वकिलाकडे गेलो. वर्गबंधू. माझे एकही भाषण तो ऐकायला येत नाही, आणि माझ्यामुळे अडकलेल्या प्रत्येकाची बाजू फुकट चालवतो. टेबलावर गुप्त पोलिसाने घेतलेले माझे भाषण. वाचले. चार वर्षे हे लोक माझी भाषणे मोडकीतोडकी टिपत आले. या वेळी शब्दन् शब्द बरोबर. टाळ्यासुद्धा कंसात लिहिल्या आहेत.

नाना म्हणाला, "सरकारचा मुख्य साक्षीदार तू आहेस. वस्तू मीठ आहे याला दुसरा पुरावाच नाही त्यांच्याकडे."

मी म्हटले, मग मीठ नाही म्हणा, सोडा म्हणा. सगळे जग लोणारचा सोडा म्हणते.

तो हसला. तळ्यातला सोडा काढण्याचा मक्ता सरकारने एकाला दिला आहे. त्या मक्तेदाराचा अर्ज तयारच आहे. मीठ ठरले तर सखारामला मिठाच्या कायद्याखाली तुरुंग. सोडा ठरला तर मक्तेदाराच्या मालाची चोरी, आणि तळ्यात उतरणाऱ्यांच्या यादीतून नाव कायमचे कमी. "दोन्ही दारांत शिपाई उभा आहे. तिसरे दार शोध. आणि जामीन नको हे तत्त्व तुझे की त्याचे?"

टोपी उचलून निघालो.


२३ एप्रिल

संताप! नानाने कोर्टात जप्तीचा माल पाहिला. म्हणतो, खडे पांढरे आहेत. काचेसारखे वगैरे काही नाही. बाजारातल्या जाड्या मिठासारखे, हात लावला की भुकटी सुटते.

मी स्वतः तो खडा सूर्यासमोर धरला आहे. पलीकडचे लिंबाचे झाड दिसत होते त्यातून. माल बदलला! चोर कोठडीत, की कोठडीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत ते?


उंद्री, २६ एप्रिल

इथे भाषण. विषय ठरलेला होता स्वदेशी, बोललो खड्यांवर. पोलिसांनी स्फटिक लांबवून मीठ ठेवले, हे छातीठोकपणे सांगितले. लोक फार चिडले. एका म्हाताऱ्याने मला मिठी मारली.


मेहकर, २७ एप्रिल

घरी आलो. टेबलाच्या खणात माझा स्वतःचा खडा, बाजारात वर धरलेला तोच, रुमालात गुंडाळून ठेवलेला. उद्याच्या सभेसाठी काढला.

पांढरा. आरपार काही दिसेना. नखाने खरवडले तर पीठ.

खणाची किल्ली माझ्या जानव्याला आहे.

इथे कोणी पोलीस आला नव्हता. कोणी काही बदललेले नाही. मी काल एका म्हाताऱ्याच्या मिठीत

उद्याची सभा रद्द कळवली. कारण लिहिले, घसा.


लोणार, २९ एप्रिल

खाली तळ्यावर उतरलो. इतकी वर्षे वरच्या काठावरून नुसते पाहिले होते. खाली वास नाकात बसतो, पाणी हिरवेगार, काठाचा चिखल काळा. पाणी मागे सरकते ते याच दिवसांत. काढणीचे आठवडे हेच. सखाराम आत बसला आहे.

पुरुष छातीभर पाण्यात उभे राहून तळवे फिरवतात. हाताने नाही, पायाने. काय लागले ते पाय सांगतो, मग बुडी मारून उचलतात. काठावर बाया निवडतात. कोंडाबाई चार ढिगांपुढे बसली होती. माझ्याकडे न पाहता सांगत गेली आणि मी निमूट ऐकले. हा दल्ला, जिभेला चावतो, पाण्यात सगळाच्या सगळा विरतो. ही पापडी, काठावर सालीसारखी सुटते. ही भुसकी, मातीच जास्त. हे निमक, यात खारटपणा. चिमूट घेते, जिभेला लावते, थुंकते, टाकते. शाळेत मी पृथ्वीवरची खनिजे पाठ करून घेत असे. आठ मैलांवरच्या या बाईला एकदाही विचारले नव्हते.

आठ नव्हे, जास्तच. ती चालत आली होती.

तेवढ्यात तिच्या हाती चिखलासकट एक काचखडा आला. हाच तो. मी विचारले, हा कोणत्या ढिगात?

"कोन्याच नाही. याले व्यापारी घेत नाही. पान्यात टाकला तर अर्धाच विरते, खाली चुना बसते. कपडा निघत नाही, पापड होत नाही. हा देवीचा."

रीत अशी. हंगामात पायाला लागलेले काचखडे काठच्या देवीपुढे ठेवायचे. ओल्या चिखलात असतो तोवर काच. वाऱ्यावर सुकला की आठ-दहा दिवसांत पांढरा पडतो. पडला की म्हणायचे, देवीने घेतला. मग ती भुकटी परत तळ्यात. सखारामच्या फडक्यात होते ते त्यासाठीच. बाजारात तो मला तेच सांगत होता.

"तुमचा घेतला का देवीनं?" कोंडाबाईने विचारले.

म्हटले, घेतला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मला.


मेहकर, ३० एप्रिल

डब्यात तळ्याचाच चिखल व त्यात सहा खडे असे अमरावतीस वामनकडे पाठवले. माझा जुना विद्यार्थी, कॉलेजात रसायन शिकवतो. लिहिले, खात्री करून कळव आणि मला बरे वाटेल असे काही लिहू नकोस.


६ मे

सत्याग्रहाच्या तालुका समितीची बैठक. सगळे सांगितले. वाटले होते, ऐकताच म्हणतील की माणसाला सोडवा.

अध्यक्ष म्हणाले, सखारामला शिक्षा झाली तर तो वऱ्हाडातला मिठाचा मानकरी ठरेल. सुटकेच्या दिवशी मिरवणूक काढू. फुलांची व्यवस्थाही कोणीतरी बोलून गेला! मी विचारले, त्याला विचारले आहे काय? म्हणाले, "मास्तर, तुम्ही विचारले होते?"

त्याचाच राग आहे.

पुढे ते म्हणाले ते खोटे नाही. मी साक्षीला उभा राहून तो खडा मीठ नव्हता म्हटले की सरकार ते छापून गावोगाव वाटणार. पुढाऱ्यांना मीठ कशाला म्हणतात तेही कळत नाही, म्हणून. कायदा राक्षसी आहे, तो मोडायचा आहे, त्यात एका माणसाचे सहा महिने गेले तर काय. मी स्वतः हे वाक्य किती सभांत बोललो आहे! दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा कळले की त्यात "एक माणूस" म्हणजे कोण ते कधी सांगितलेलेच नसते.

साक्ष दिली तर वक्त्यांच्या यादीतून नाव जाईल, असे सूचित केले. सूचित कसले, सांगितलेच.


१० मे

वामनचे उत्तर. चार पाने, अक्षर अजून तसेच गचाळ. सार असे: मीठ नाही. नुसता सोडाही नाही. सोडा आणि चुना या दोघांचे जोड कार्बोनेट, आणि त्यात बरेचसे पाणी, म्हणजे रचनेतच बांधलेले पाणी. आम्ल टाकताच फसफसते. तांब्याच्या पैशाने ओरखडा पडेल इतके मऊ. साध्या पाण्यात सोडा निघून जातो व चुना मागे राहतो. कोरड्या हवेत अंगचे पाणी सुटते व ते पांढरे होऊन ढासळते. जगात फार थोड्या खाऱ्या तळ्यांच्या चिखलात सापडते. पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेतल्या एका तळ्यात मिळाले, नाव एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे. कमी पाण्याचे त्याचे भावंड आहे, त्याला शास्त्र निराळे खनिज मानते.

शेवटी लिहितो, "सर, दुर्मीळ वस्तू आहे. आपण कोठून ओळखलीत?"

पत्र घेऊन नानाकडे पळालो. त्याने भावंडाचे ते वाक्य तीनदा वाचले. "म्हणजे जप्त केले ते एक, आणि कोर्टात पांढरे पडून बसले आहे ते दुसरेच. मालखान्यात आरोपीऐवजी मुद्देमालच सुटला!" त्याला असे विनोद सुचतात. मला सुचले ते एवढेच, की सहा महिने फ्रेंच नावांची पुस्तके वाचूनही जे मला समजले नसते ते कोंडाबाईने थुंकता थुंकता सांगितले होते. चावतो की नाही, किती विरतो, खाली काय बसते, सुकला की काय होतो. वामनच्या चार पानांत याहून जास्त फक्त नाव आहे.


बुलढाणा, १३ मे

मक्त्याच्या करारनाम्याची नक्कल काढायला घाट चढून आलो. दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात. कारकून म्हणे, आपण कोण? म्हटले, माणूस. म्हणे, तसा रकाना नाही. शेवटी नानाचे वकीलपत्र दाखवल्यावर कागद हलला.

करारनाम्यात मक्तेदाराला काय काय उचलायचा हक्क ते नावानिशी लिहिले आहे: दल्ला, निमक, पापडी, भुसकी व खुप्पल (सोड्याचाच आणखी एक प्रकार). संपले. पुढे पूर्णविराम. या देशात कागदावर "वगैरे" लिहिल्याशिवाय कारकुनाचा हात उचलत नाही, आणि इथे तो विसरला!

काचखडा यादीत नाही. मीठ नाही म्हणून सरकारचा नाही, यादीत नाही म्हणून मक्तेदाराचा नाही. तिसरे दार.

पण आधी तो मीठ नव्हता हे ठरले पाहिजे. आणि मीठ होता असे म्हणणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे.


मेहकर, १५ मे

सखारामला भेटलो. कोठडीबाहेर तासभर उन्हात उभे केले, मग दहा मिनिटे. मी क्षमेची तयारी करून गेलो होतो. दोन-तीन चांगली वाक्ये होती. त्याने बोलू दिले नाही.

"मी सांगत होतो न तुमाले, देवीचा हाय म्हनून."

म्हटले, हो.

"शिक्षेचं काही नाही मास्तर. भाकर देतात. मले एवढंच सांगा, मंग तळ्यात उतरू देतील का नाही?"

समितीचा बेत सांगितला, मिरवणुकीचा. तो म्हणाला, "हार घालून कुठं नेतील? तळ्यावर?" मग पाय पुढे करून दाखवले. गुडघ्याखालची जखमांची कातडी सुकून नवी आली आहे, गुलाबी. "पाहा. लगनाच्या वक्तीबी असे नव्हते. पाय बरे झाले मास्तर, हेच वाईट हाय. असे पाय घेऊन उतरलो तर तळ्याले ओळखू येनार नाही."

जामीन हवा होता काय, असे विचारले. म्हणाला, "तुमी नको म्हनले न."




२० मे

साक्ष झाली. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी यात स्वतःला शोभेल असा फरक करीन.

सरकारी वकिलाने माझे भाषण वाचले. चांगले वाचले. टाळ्यांच्या जागी थांबला. कोर्टात अध्यक्ष व समितीचे लोक मागच्या बाकावर. विचारले, हे शब्द आपले? माझे. ही वस्तू मीठ आहे असे आपण म्हणालात? म्हणालो. माहीत होते म्हणून? नाही. मग कोणत्या ग्रंथाच्या आधारे? आपण तर फार वाचलेले आहात, असे ऐकतो.

मी म्हणालो, "कोणत्याच नाही. मला मीठ हवे होते, म्हणून मी त्याला मीठ म्हटले."

कोणी हसले नाही. हसते तर सोपे गेले असते. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला, समितीचे लोक उठून गेले. उंद्रीचेही आपणहून सांगितले, की पोलिसांवर मी केलेला आरोप खोटा होता. इन्स्पेक्टरने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला लाचच देत होतो. कायदा अन्यायाचा आहे हेही म्हणालो. मॅजिस्ट्रेटने ते लिहून घेतले नाही.

मग नानाने परवानगी मागितली. घमेल्यांत तळ्यातून आणलेले जिन्नस, ओल्या चिखलासकट, आणि आरोपी डोळे बांधून पायाने ओळखेल. सरकारी वकील म्हणाला, आता पायाचीही साक्ष घ्यायची काय? मॅजि. तरुण, कंटाळलेला. त्याला बहुधा गंमत वाटली. हो म्हणाला.

सखारामने पहिल्या घमेल्यात तळवा टेकला. दल्ला. दुसरे, भुसकी. तिसरे, निमक. चौथ्यात टाच लागली न लागली तोच पाय वर उचलला. एका पायावर तसाच उभा राहिला, डोळे बांधलेले.

"यावर पाय देत नाही मी. बाजूले घ्या."

कोर्टात पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबला.

नंतर पाण्याचे तीन पेले. मीठ विरले, दल्ला विरला, काचखड्याचा पांढरा चुना तळाशी बसला. नानाने माझ्याकडून वामनचे पत्र वाचवून घेतले व करारनाम्याची यादी दाखल केली. सरकारी वकिलाने सरकारी तपासणीचा अहवाल वाचला: वस्तूवर "काही अंशी" मीठ आढळते. नाना म्हणाला, तळ्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर आढळेल, आणि या उन्हात माझ्या विद्वान मित्राच्या कपाळावरही आढळेल, त्यांनाही परवाना विचारावा. मॅजि. हसला.

निकाल १४ जूनला. जामीन दिला. नानाने मला न विचारताच अर्ज करून ठेवला होता.


२१ मे

मक्तेदाराच्या वकिलाने काल कोर्टातच करारनाम्याच्या यादीची नक्कल करून घेतली. आज कळले, बुलढाण्यास अर्ज गेला. पुढच्या करारात काचखडा घालावा, आणि शेवटी "वगैरे" ही. ज्या खड्याला कोणी विचारत नव्हते त्याचे नाव, गुण, ओळख मी कोर्टात वाचून दाखवली, आणि आता तोही मक्त्यात जाणार! वामनच्या पत्राची नक्कलही त्यांच्याकडे आहे. देवीपुढे काय ठेवतील मग?

लिहिता लिहिता टाक दोनदा फाटला.

समितीचे पत्र आले. एका ओळीचे. अपेक्षित होते.


१ जून

दुपारी कोंडाबाई आली. डोक्यावर घागर, हातात मडके. या वेळी ओट्यावर बसली, पाणीही प्याली. सखाराम तळ्यावर जातो, मक्तेदाराचा माणूस उतरू देत नाही, काठावर बसून येतो. निकाल लागेपर्यंत नाही म्हणतात. त्याचे पाय अजून धडच आहेत.

मडक्यात काळा चिखल आणि त्यात एकच काचखडा, मोठा, अंगठ्याएवढा. सखाराम पकडला गेला त्याच्या आदल्या दिवशी सापडलेला. घरात मडक्यात होता म्हणून शिपायांना दिसला नाही. सुटला तर तो स्वतः देवीपुढे ठेवणार आहे. घरी पुन्हा झडती होईल, भीती आहे. तोवर माझ्याकडे.

"यावर भाषन नका करू," ती म्हणाली.

म्हटले, मला आता कोणी बोलावत नाही.

"ते आम्ही ऐकलं." मडके माझ्याकडे सरकवून, "ओला ठेवा. विहिरीचं पानी नका घालू, खाईल त्याले. या घागरीतलंच घाला, तळ्याचं हाय."

सुकला तर काय, असे विचारले.

"तर देवीनं नाही घेतला. तुमच्या हातानं गेला."

घराबाहेर जाताना वळून म्हणाली, निकालाच्या दिवशी येऊ.


४ जून

ऊन भयंकर. मडके कोपऱ्यात, वर ओले फडके. सकाळी खड्याच्या एका धारेवर पांढरी रेघ दिसली. लगेच पाणी घातले. रेघ गेली की मला दिसेनाशी झाली, सांगता येत नाही.

निकालाला दहा दिवस. घागरीत पाणी उरले चार बोटे.